तीन नंबरचा रस्ता

नांदगावाहून चाळीसेक किलोमीटरवर मालेगाव आहे आणि मालेगावातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. आमच्या लहानपणी सरकारी दप्तरात त्याचे नाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ असे होते. लोक मात्र तेव्हाही त्याला ‘आग्रा रोड’ म्हणत आणि आजही तेच म्हणतात. २०१० साली देशातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. त्या वेळी आमच्या या रस्त्याचे तुकडे होऊन त्यांना निरनिराळे आकडे मिळाले आणि मोकळा झालेला ३ हा आकडा अटारी-अमृतसरपासून निघून मंडी, कुलू, मनाली, केलाँग असे करत लेहला पोहोचणाऱ्या रस्त्याला मिळाला. मागच्या एका उन्हाळी सुट्टीत आम्ही सहकुटुंब नांदगावाहून लेहपर्यंत मोटारीने गेलो, म्हणजे एका अर्थाने जुन्या तीन नंबरवरून नव्या तीन नंबरवर गेलो. निघताना हा निव्वळ गमतीचा योगायोग वाटला होता.

हा लेख त्या प्रवासाचे वर्णन नव्हे. आम्ही दोघे पती-पत्नी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि अभ्यासक्रमाच्या निमित्ताने प्रवासवर्णने वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यांत प्रवासी असतो, निसर्ग असतो, भेटलेली माणसे असतात, क्वचित रस्त्याच्या खड्ड्यांबद्दलची कुरकुरही असते. पायाखालचा रस्ता कोणी केला हा प्रश्न मात्र त्यांत सहसा नसतो. आमच्याही मनात तो नव्हता. तो उपस्थित केला आमच्याबरोबर आलेल्या आईंनी. आमच्यापैकी एकाच्या त्या आई आणि दुसरीच्या सासूबाई. घरात दोघेही त्यांना आईच म्हणतो. त्यांचे वय सत्तरीला टेकलेले. डॉक्टरांना विचारून, मुक्काम वाढवून, उंची हळूहळू चढत जायचे असे ठरवूनच त्यांना बरोबर घेतले होते. चौथी प्रवासी आमची नववीतली मुलगी.

रस्त्याच्या इतिहासाचा धडा खरे तर नांदगावातच सुरू व्हायला हवा होता. आमचे गाव रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा लोहमार्ग सुरू होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी, साहेबलोक धरून, नांदगाव स्थानकावर उतरत आणि तेथून टांग्याने अथवा बैलगाडीने घाट चढून जात. जुन्या इंग्रजी प्रवास-मार्गदर्शिकांत नांदगावचे नाव येते ते या कारणाने. ज्या मार्गाने हे प्रवासी मुंबईहून येत, त्यावर थळघाट आहे, आणि पुण्याकडच्या वाटेवर त्याचा थोरला भाऊ बोरघाट. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ साली खुला झाला. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने, सुरुंगांनी आणि कडे कोसळून हजारो माणसे मेली. त्या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इकडे आल्यानंतर अल्पावधीतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. अ‍ॅलिसचे नाव इतिहासात नोंदले गेले आणि ते योग्यच झाले. घाटात मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव आज आपल्यापैकी कोणाला सांगता येणार नाही.

धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्ली मागे टाकून तिसऱ्या दिवशी आम्ही पानिपतला पोहोचलो. उत्तरेकडे निघालेला मराठी माणूस येथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. शहराबाहेर काला आंब नावाच्या ठिकाणी स्मारक आहे. रणरणत्या उन्हात तेथे उभे राहून मुलीला १७६१ च्या जानेवारीतली थंडी समजावून सांगणे अवघड होते. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे सुमारे अडीच महिने, मराठ्यांची छावणी येथे खंदकाआड अडकून पडली होती. अंगावर दख्खनी कपडे, पोटात अन्न नाही आणि माघारी जाण्याची वाट बंद. छावणीत केवळ सैनिक नव्हते. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, इतर सरदारांची कुटुंबे होती, उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून निघालेले यात्रेकरू होते, आणि त्यांच्याखेरीज वाणी, भिस्ती, खलाशी, बेलदार, लोहार, मोतद्दार असा अफाट समुदाय होता. लढणाऱ्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, न लढणारे लोक तेथे होते असे बहुतेक इतिहासकार मानतात. सहकुटुंब उत्तरेकडे जाण्याचा मराठी माणसाचा सर्वांत मोठा प्रसंग हाच, आणि त्याचा शेवट आपल्याला ठाऊक आहे.

आम्ही भाषेचे शिक्षक असल्यामुळे तेथे एका शब्दापाशी अडखळलो. या न लढणाऱ्या समुदायाला मराठीत ‘बुणगे’ किंवा ‘बाजारबुणगे’ म्हणत. सैन्यासोबतचे सामानसुमान आणि ते वाहणारी, सांभाळणारी माणसे असा त्याचा मूळ आशय. आज आपण हा शब्द कसा वापरतो? निरुपयोगी, भाडोत्री, लायकी नसलेल्या माणसांच्या झुंडीला आपण ‘बाजारबुणगे’ म्हणतो. खंदक ज्यांनी खणला, तोफांसाठी ज्यांनी वाट सारखी केली, तंबू ज्यांनी ठोकले, त्यांच्या नावाची आपण शिवी केली. पराभवाची कारणे सांगतानाही बुणग्यांच्या लटांबराचा उल्लेख हटकून होतो. त्यांच्यावाचून ते सैन्य नर्मदा तरी ओलांडू शकले असते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘अटकेपार झेंडे’ हा वाक्प्रचार आणि ‘बाजारबुणगे’ ही शिवी एकाच शतकाच्या अनुभवातून आपल्या भाषेत रुजली. एक आपण मिरवतो, दुसरी दुसऱ्यावर फेकतो.

मनालीनंतर रस्त्याचा स्वभाव बदलतो. पूर्वी येथून रोहतांग खिंड चढावी लागे. तिची उंची ३,९७८ मीटर. आता ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडच्या लाहूल खोऱ्यात उतरता येते आणि मनाली-लेह हे अंतर ४६ किलोमीटरने कमी होते. अलीकडे हिरवीगार देवदारांची दाटी आणि पलीकडे उघडेबोडके, खडबडीत डोंगर, असा पडदा बदलावा तसा देखावा बदलतो. आमच्या आई ते डोंगर पाहून म्हणाल्या, “हे तर आपल्या अंकाईसारखेच की! नुसते मोठे आणि बर्फ लावलेले.” नांदगाव-मनमाडच्या माणसाला उघडा डोंगर परका वाटत नाही.

ही वाट मोटारीच्या आधीपासूनची आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२० साली कुलूहून रोहतांग आणि बारालाचा ओलांडून लेहला पोहोचला होता. १८७० साली ब्रिटिश सरकार आणि जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह यांच्यात व्यापारी करार झाला आणि लाहूलच्या सीमेपासून लडाखमार्गे यार्कंदकडे जाणारी वाट व्यापाऱ्यांसाठी खुली करण्यात आली. करारावर सह्या करणाऱ्यांची नावे दप्तरात आहेत. पण करारामुळे बर्फातली वाट आपोआप मोकळी होत नाही. त्यासाठी गावोगावची माणसे व जनावरे ओझ्याला आणि वाटेच्या कामाला धरली जात. हिमालयाच्या पहाडी मुलुखात याला ‘बेगार’ म्हणत. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गार’चा संबंध कामाशी, म्हणजे दामाविना काम. आपल्या मराठीतला ‘वेठबिगार’ आणि बांधकामावरचा ‘बिगारी’ हे त्याच शब्दाचे वंशज. आज आपण मजुरी देऊन ज्याला कामावर बोलावतो, त्यालाही आपली भाषा नकळत ‘फुकट राबणारा’ म्हणत असते.

या बेगारीविरुद्ध पहाडात मोठे लढे झाले, हे मात्र आपल्याकडे फारसे माहीत नाही. १९२१ च्या जानेवारीत कुमाऊँमधील बागेश्वर येथे उत्तरायणीच्या, म्हणजे आपल्या मकरसंक्रांतीच्या, जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडवल्या. त्याच सुमारास सिमल्याच्या वरच्या बाजूला कोटगढला सत्यानंद स्टोक्स हे मूळचे अमेरिकन गृहस्थ बेगारीविरुद्ध उभे राहिले. हिमाचलात उत्तम जातीचे सफरचंद रुजवणारे म्हणून स्टोक्स यांचे नाव पर्यटकांना सांगितले जाते. बेगारीच्या लढ्याची गोष्ट त्या सफरचंदाच्या पेटीसोबत येत नाही.

स्वातंत्र्यानंतर या उत्तर सीमेवरील रस्त्यांचा प्रश्न लष्करी झाला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूने झाडे पाडून आणि सुरुंग पेरून रस्ता अडवला होता. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी जखमी अवस्थेत, गोळीबाराखाली, ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस सुरुंग काढत आणि अडथळे दूर करत रणगाड्यांसाठी वाट केली. राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. त्यांना परमवीरचक्र मिळाले, तेही हयातीत. सर्वोच्च सन्मानाचे ते कृत्य मुळात रस्ता करण्याचे होते, हे आम्हांस विशेष वाटते. मराठी मुलुखाच्या सीमेवरच्या या माणसाचे नाव आपण शाळेत आणखी मोठ्याने घ्यायला हवे.

पुढे ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली. ‘श्रमेण सर्वं साध्यम्’ हे तिचे बोधवाक्य. मनाली-लेह रस्ता सामान्य प्रवाशांसाठी खुला झाला तो १९८९ साली. हा रस्ता एकदा बांधून झाला असे कधीच होत नाही. दिवसा बर्फ वितळून पाणी डांबराच्या भेगांत शिरते, रात्री ते गोठून फुगते आणि रस्ता आतून फोडते. दुपारनंतर ओढ्यांना वितळलेल्या बर्फाचे पाणी वाढते, म्हणून जाणकार चालक ते सकाळीच ओलांडतात. डांबर घालता येईल असे उबदार दिवस वर्षातून जेमतेम चार-पाच महिने मिळतात. बारालाचा सोळा हजार फुटांवर आहे आणि टांगलांग ला सतरा हजारांच्याही पुढे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्मा असतो. गाडीतून चार पावले उतरून फोटो काढतानाही धाप लागते. अशा हवेत फावडे चालवणारी माणसे उन्हाळाभर तेथे असतात.

पात्सिओच्या पुढे, बारालाचाच्या अलीकडे, आमची गाडी थांबवण्यात आली. पुढे डांबरीकरण चालू होते आणि एका बाजूची वाहने सुटेपर्यंत अर्धा-पाऊण तास लागणार होता. रस्त्याकडेला पिंपात डांबर उकळत होते. धूर येतो म्हणून आम्ही काचा वर केल्या. मुलीने काचेतूनच एक-दोन छायाचित्रे काढली. तोंडाला फडके गुंडाळलेल्या बायका घमेल्यांतून खडी नेऊन पसरत होत्या. एकीचे मूल दगडांच्या आडोशाला चादरीत झोपले होते. आमच्यापैकी एकाने “बिचाऱ्या!” असे काहीसे म्हटले. आईंनी उत्तर दिले नाही. शाल घट्ट करून त्या दार उघडून खाली उतरल्या आणि सरळ त्या बायकांपाशी गेल्या.

आम्हांस वाटले, त्या मुलाची विचारपूस करतील. त्यांनी खडीची एक मूठ उचलली, बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, “ही मशीनची आहे. हाताची अशी एकसारखी निघत नाही.” मग आपल्या मोडक्या हिंदीत विचारले, मजुरी रोजाची की मोजमापाची? हजेरी कोण मांडतो? पगार हप्त्याला मिळतो की महिन्याला? त्यांतल्या एका बाईने आधी संशयाने, मग हसत उत्तरे दिली. हजेरी रोजाची होती, पगार महिन्याचा होता आणि घर झारखंडात दुमक्याकडे होते. आईंनी आपला डावा अंगठा तिच्यापुढे धरला. त्यावर नखाच्या मुळापासून मनगटाकडे जाणारा जुना व्रण आहे. तो चारा कापताना विळा लागून झाला, असे आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो होतो. “हातोडा,” आई त्या बाईला म्हणाल्या, “सन बहात्तर.” त्या बाईला सन बहात्तर कळण्याचे कारण नव्हते. हातोडा मात्र कळला. तिने आपलाही हात पुढे केला.

गाडीत परत आल्यावर आईंनी जे सांगितले ते आम्ही चाळिशी ओलांडलेल्या दोघांनी प्रथमच ऐकले. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. नांदगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावची विहीर दिवाळीपूर्वीच आटली. गुरे विकली. मग आई-वडील, दोन भाऊ आणि त्या स्वतः असे सगळे घर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून फडके कसे बांधायचे, ढिगाचे माप घेताना मुकादम कसा पोकळी दाखवून माप कमी धरी, सुकडीच्या पिशवीसाठी लहान भावंडांना रांगेत कसे उभे केले जाई, लाल मिलोच्या भाकरीला कसा वास येई, हे सगळे त्यांनी सलग सांगितले. एवढ्या वर्षांत सांगितले का नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, “खात्यापित्या घरात लग्न करून आले. दुष्काळी कामावर होते हे सासरी कशाला सांगायचं? मग तुम्ही प्रोफेसर झालात.”

१९७२ च्या दुष्काळाची आकडेवारी आम्ही जाणत होतो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ सालच्या केंद्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. हे आम्ही व्याख्यानांतून अभिमानाने सांगितलेलेही आहे. त्या ५० लाखांत आपल्या स्वयंपाकघरात उभी असलेली बाई होती, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. बोरघाटाच्या मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत म्हणून आम्ही इतिहासकारांना दोष देत होतो. आमच्या घरातले नाव आम्ही तरी कोठे लिहिले होते?

दुमका आणि लडाख यांचे नाते आम्ही परतल्यावर वाचले. संताळ परगण्यातले मजूर अनेक दशके या सीमेवरच्या रस्त्यांवर येत आहेत. ‘मेट’ म्हणवणारे मध्यस्थ त्यांना आणतात. आपला मुकादम आणि त्यांचा मेट ही एकाच जातकुळीची माणसे. २०२० च्या टाळेबंदीत हे नाते अचानक देशाला दिसले. २९ मे २०२० रोजी लडाखात अडकलेल्या ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने रांचीला आणले, आणि दोनच आठवड्यांनी, १३ जूनला, सीमेवरच्या रस्त्यांसाठी मजूर घेऊन खास गाडी दुमक्याहून निघाली. सीमा सडक संघटनेच्या कामांवर हंगामात सुमारे एक लाख रोजंदारी मजूर असतात. त्यांच्यासाठी १० लाख रुपयांच्या गटविम्याला संरक्षण मंत्रालयाची मंजुरी मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये. संघटना स्थापन झाल्याला तेव्हा ६३ वर्षे उलटून गेली होती. उशिरा का होईना, मंजुरी मिळाली हे नोंदवले पाहिजे, आणि उशीर झाला हेही.

येथे एक आक्षेप संभवतो. मजुरांची नावे नोंदवून इतिहासात असा काय फरक पडणार? रस्ता राहतो, माणसे जातात, हे सर्वत्रच आहे. आम्हांस वाटते, फरक पडतो तो भूतकाळाइतकाच वर्तमानात. ज्याला आपण इतिहासात बुणगा ठरवतो, त्याच्या आजच्या मजुरीकडे, विम्याकडे, त्याच्या मुलाच्या आडोशाकडे आपले लक्ष जात नाही. आमची काच वर गेली ती केवळ डांबराच्या धुरामुळे, असे आता आमच्याने म्हणवत नाही.

लेहला आम्ही तीन दिवस राहिलो. ते सर्व रम्यच होते आणि त्याचे वर्णन इतरांनी आमच्याहून चांगले केले आहे. परतल्यानंतरच्या रविवारी आईंनी गाडी काढायला सांगितली. नांदगावाहून त्यांच्या माहेरच्या गावाकडे जो फाटा जातो, त्यावर एका ओढ्याजवळ त्यांनी थांबवले. तेथे एक जुनी फरशी आहे. “इथपासून त्या बाभळीपर्यंतची खडी आमची,” त्या म्हणाल्या. त्या रस्त्यावरून आम्ही शेकडो वेळा गेलो आहोत. लग्नाची वरातही त्यावरूनच आली होती. आता त्यावर कितीतरी थर चढले आहेत. मुलीने तेथे आजीचे छायाचित्र काढले आणि ते लेहच्या छायाचित्रांबरोबरच, त्यांच्या आधी, लावले.

या वर्षी आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे. घरात १९७२ साली दुष्काळी कामावर गेलेले कोणी असेल, तर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तलावावर, किती मजुरीवर आणि कोणाबरोबर, एवढे त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी ‘आमच्याकडे कोणी नाही’ असे सांगितले. दुसऱ्या आठवड्यापासून वह्या येऊ लागल्या. तेव्हा कामावर गेलेली पोरे आज पासष्ट-सत्तरीत आहेत आणि त्यांचे आईबाप बहुतांशी गेले. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी माणसे असतील तर त्यांनी विचारावे, आणि या वर्षीच विचारावे. उत्तर लगेच येणार नाही. आमच्या घरी ते यायला बावन्न वर्षे आणि सोळा हजार फूट लागले.